बघून वाजवणं

सोमवार, ९ सप्टेंबर

आज जे झालं ते कुणाला तरी सांगायला हवं. हिला सांगितलं तर ‘मी काय वीस वर्षं घसा कोरडा करत होते?’ हे ऐकावं लागेल. म्हणून वहीला सांगतो. वही उलटून बोलत नाही.

बॅलेच्या नृत्यशाळेत मी एकोणीस वर्षं पियानो वाजवतोय. वरच्या मजल्यावर लांबट हॉल. एका भिंतीला आरसे, दुसऱ्या भिंतीला मुलींनी धरायचा लाकडी दांडा आणि कोपऱ्यात मी. मुली मला पियानोकाका म्हणतात. जुन्या बाई सांगायच्या, “काका, काहीतरी संथ, पण झोप येईल असं नको,” की मी सुरू. त्या निवृत्त झाल्या आणि जूनपासून नव्या बाई आल्या. पस्तिशीच्या, काटक, मोजकं बोलणाऱ्या. आज त्यांनी एक जाड पुस्तक माझ्या हातात ठेवलं.

चौदा डिसेंबरला मोठ्या मुलींची परीक्षा, परीक्षक बाहेरचे. पुस्तकातले बारा तुकडे जसे छापलेत तसे वाजवायचे. शेवटी परीक्षक स्वतःजवळचं एक पान पियानोवर ठेवणार. ते आधी कुणीच पाहिलेलं नसणार. मी ते बघून वाजवायचं आणि मुलींनी त्यावर आयत्या वेळी सुचेल तसा नाच करायचा.

“जमेल ना सर?” बाईंनी विचारलं. “नसेल तर आत्ताच सांगा. दुसरी काहीतरी सोय बघता येईल.”

“जमेल की!” मी म्हणालो आणि जाणकारासारखी पानं चाळली.

खरी गोष्ट अशी, की मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. पाच रेषा आणि त्यांवर सांडलेले मिरीचे दाणे, एवढंच दिसतं. लहानपणी पियानोचे मास्तर यायचे ते ताईसाठी. ती समोर बसायची, मी जिन्यावर. तिला जे वाचून बसवायला आठवडा लागायचा ते मी ऐकून तासाभरात वाजवायचो. वडील मला कौतुकाने ‘कानसेन’ म्हणायचे. त्या कौतुकानेच घात केला. शिकायची गरजच कधी वाटली नाही.

आजवर छापील काही आलं की ते ताईकडे न्यायचं. ती वाजवणार, मी फोनवर टिपून घेणार. दोनदा ऐकलं की माझं झालं. शाळेत कुणाला पत्ता नाही.

मंगळवार, १० सप्टेंबर

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. एकटीच राहते, आमच्यापासून बसचे दोन थांबे. घरी मुलांना पियानो शिकवते. पूर्वी मी बूट काढेपर्यंत तिची दोन पानं वाजवून व्हायची. आज पुस्तक घेतलं, खिडकीपाशी नेलं, वाकडी मान करून चाळलं आणि म्हणाली, “राहू दे इथे. पुढच्या मंगळवारी ये.”

“दोन तुकडे तरी आत्ता वाजव की.”

“म्हटलं ना, ठेव.”

चहाही स्वतः केला नाही. “तूच टाक, तुझा चांगला होतो,” म्हणाली. उभ्या आयुष्यात माझ्या चहाला कुणी चांगलं म्हटलेलं नाही. हल्ली तिला भलताच आळस आलाय.

मंगळवार, १७ सप्टेंबर

बारातले तीनच झालेत. तेही अडखळत, एखाद्या नवशिक्यासारखे. विचारलं तर म्हणाली, “शिकवण्या असतात रे.” दुपारी चारला गेलो होतो. दारात एक चप्पल नाही, एक दप्तर नाही. कसल्या शिकवण्या? पण बोललो नाही. अडला हरी झालोय मी.

गुरुवार, १९ सप्टेंबर

नाक कापलं गेलं.

दुसरा तुकडा ताईच्या टिपणावरून बसवला होता, पुस्तक तेवढं परत आणून समोर ठेवलं होतं. वाजवला, आणि मी संपवलं तेव्हा आठही मुली एक पाय हवेत धरून उभ्या. बाई म्हणाल्या, “सर, अजून एक ओळ आहे ना?” ताईने मधली एक अख्खी ओळ गाळली होती. मी म्हणालो, “छपाईत काहीतरी गडबड असेल.” बाई पियानोपाशी आल्या, पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पुस्तकावर बोट ठेवलं नाही. नुसती ती ओळ गुणगुणल्या. मी लगेच उचलली. “हां, हेच,” म्हणाल्या आणि मुलींकडे वळल्या.

वाचलो. बाईंना गाऊन दाखवायची हौस आहे हे बरं.

रविवार, २२ सप्टेंबर

ताईशी फोनवर कडाक्याचं भांडण. मी म्हणालो, “जमत नसेल तर तसं सांग. निष्काळजीपणा कशाला? माझ्या नोकरीचा प्रश्न आहे.”

 ती म्हणाली, “यापुढे मी वाजवून देणार नाही. बावन्न वर्षांचा झालास, आता स्वतः शीक.”

“आता? तीन महिन्यांत?”

“माझ्या एका विद्यार्थिनीने मला ते फोनवरचं शिकवणीचं अ‍ॅप दाखवलं होतं. ते घे. बोट लावलं की चूक सांगतं. माझ्यासारखं रागावत नाही.”

फोन ठेवल्यावर ही म्हणाली, “एकदा त्यांच्याकडे शांत बसून विचारा तरी, काय झालंय म्हणून.”

“होणार काय? डोक्यात हवा गेलीये.”

 ही उठून कपड्यांच्या घड्या घालत बसली.

सोमवार, २३ सप्टेंबर

अ‍ॅप घेतलं. त्याने वय विचारलं. आकडे वर सरकवत सरकवत नेले तरी बावन्न येईना. शेवटी आलं. मग म्हणे, ‘तुमचा सोबती निवडा’: ससा, अस्वल की घुबड. घुबड घेतलं. वायरने घरचा की-बोर्ड हिच्या टॅबला जोडला. पडद्यावर पाच रेषा. बरोबर पट्टी दाबली की दाणा हिरवा, चुकली की लाल.

आणि काय सांगू, पहिल्याच दिवशी चार पायऱ्या पार! शंभरपैकी शंभर. उगाच इतकी वर्षं घाबरलो.

बुधवार, २५ सप्टेंबर

सातवी पायरी. हिला मोठ्या ऐटीत बोलावलं. ही नोंदणीच्या खिडकीवर काम करते, नेत्ररुग्णालयात. कागद बघितल्याशिवाय कुणाचंही खरं मानत नाही. तिने वाजवायला सांगितलंच नाही. पडद्यावर एक दाणा दाखवला, “हा कोणता?”

मला सांगता येईना.

“मग शंभर गुण कसे?”

तेव्हा लक्षात आलं. प्रत्येक धड्याआधी घुबड तो तुकडा वाजवून दाखवतं. मी ऐकतो आणि वाजवतो. पडद्याकडे बघतही नाही. तीन दिवस घुबडाला फसवलं म्हणायचं की स्वतःला? ही हसली नाही, हे विशेष. म्हणाली, “ते ऐकवणं बंद करता येत असेल ना?”

येतं. बंद केलं. पहिल्या पायरीपासून पुन्हा. शंभरपैकी एकवीस.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

पहाटे साडेपाच ते सात, कानाला हेडफोन लावून. कान बांधून चालायला सांगितल्यासारखं वाटतं. उजव्या हाताची ओळ वेगळी, डाव्याची वेगळी. एकीकडे मधल्या रेषेवर बी हा सूर, तर दुसरीकडे त्याच रेषेवर डी. हे ज्याने ठरवलं त्याला शोधून काढून जाब विचारावा.

काल पडद्यावर मजकूर आला: ‘दमलात? विश्रांतीही सरावाचाच भाग आहे.’ घुबडसुद्धा कंटाळलंय.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

आज हॉलच्या मागच्या बाकावर एक दाढीवाले गृहस्थ बसले होते. कुणाचे तरी वडील असावेत. पण मुलींकडे न बघता सारखे माझ्या बोटांकडे बघत होते. काही लोकांना नाचाची आवडच नसते.

रविवार, १३ ऑक्टोबर

एक गोष्ट सापडली. प्रत्येक दाण्याचं नाव काढत बसायचंच नाही. एक ओळखायचा आणि पुढचा त्याच्यापासून किती वर, किती खाली, तेवढं बघायचं. शेजारी असेल तर शेजारची पट्टी, एक सोडून असेल तर एक सोडून. जिन्यावर पायऱ्या मोजत कोण चढतं? पाय आपोआप पडतो. आज एकाहत्तर गुण.

ताईला सांगायला फोन हातात घेतला. पुन्हा ठेवला. आधी तिने करायला हवा.

रविवार, २० ऑक्टोबर

शेवटी मीच गेलो. दार उघडंच होतं. मी उंबरठ्यावर मुद्दाम न बोलता उभा राहिलो. तिने मान वळवली, नीट माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “कोण?”

इतका राग! भावाला ओळख दाखवायची नाही म्हणजे कमाल झाली. मी म्हणालो, “मी, कानसेन.” तेव्हा हसली.

भर दुपारी घरातले सगळे दिवे लावलेले. पियानोवर एक कागद नाही. भिंतीकडेला स्वरलेखनाच्या पुस्तकांचे गठ्ठे दोरीने बांधून ठेवलेले. “कुणाला हवे असतील तर दे,” म्हणाली. “शिकवण्या बंद केल्या मी. पुरे झालं.”

“काय शिकलास?” तिने विचारलं. मी सांगितलं. म्हणाली, “बघू. त्या गठ्ठ्यातलं वरचं पुस्तक सोड आणि मोठ्याने वाच. आधी उजवा हात, मग डावा. मात्रांसकट.”

मी शाळकरी मुलासारखा वाचत गेलो, “जी, एक मात्रा. बी, अर्धी. डी, अर्धी.” ती पियानोपाशी बसली आणि मी वाचीन तसं वाजवत गेली. एके ठिकाणी म्हणाली, “तिथे असं नसेल, परत बघ.” परत बघितलं तर खरंच मी एक रेष चुकलो होतो. अडीच तास गेले. चार पानं झाली. ती सलग पहिल्यापासून वाजवून थांबली तेव्हा गाल लाल झाले होते तिचे. म्हणाली, “पुढच्या रविवारी ये.”

फार कडक परीक्षा घेते. पण राग गेलाय तिचा. मला मोकळं वाटलं.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

अ‍ॅपमध्ये नवा छळ. उभ्या रेषेपासून उभ्या रेषेपर्यंतचं एक घर वाजवायला घेतलं की ते पडद्यावरून पुसलं जातं. म्हणजे डोळे आधीच पुढच्या घरात हवेत. बोटं इथे, डोळे तिथे. पहिल्या प्रयत्नात नऊ गुण. संध्याकाळपर्यंत अडतीस.

शाळेत मात्र पुस्तकातले सात तुकडे वाचून बसले. ताईच्या टिपणाशिवाय. बाईंना अर्थातच यातलं काही माहीत नाही. त्यांना वाटतं मी पहिल्यापासून असाच.

रविवार, ३ नोव्हेंबर

आज टॅब घेऊन ताईकडे गेलो. म्हटलं घुबड दाखवू. तिच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. तिथूनच सांगत होतो, “बघ, वरची ओळ पुसली जाते बघ कशी.”

“हो, हो,” ती म्हणाली. “छान दिसतंय. ठळक आहेत अक्षरं.”

परत आलो. ती टॅब हातात धरून, किंचित कडेला बघत, हसऱ्या चेहऱ्याने बसली होती. पडदा काळा होता. हात न लावल्याने केव्हाच बंद पडला होता.

सोमवार, ४ नोव्हेंबर

काल पुढे लिहवलं नाही.

मी तिच्या हातातून टॅब काढून घेतला. म्हणालो, “ताई, पडदा बंद आहे.”

ती म्हणाली, “हो का?” मग हात मांडीवर ठेवले. “मधलं गेलंय रे. कडेचं दिसतं. तुझ्याकडे बघते तेव्हा तुझे कान दिसतात, तोंड नाही. बरंच आहे, कानच तुझे बघण्यासारखे.”

मला हसू आलं नाही. मार्चपासून आहे. आधी डावा डोळा, मग उजवा. जुलैत हिनेच ताईला आपल्या रुग्णालयात नेलं, डॉक्टरांना दाखवलं. आता वाढू नये म्हणून दर महिन्याला इंजेक्शन. गेलेलं परत येणार नाही. माझ्या बायकोला माहीत, मला नाही!

“शपथ घातली होती मी तिला,” ताई म्हणाली. “तुला कळलं असतं तर रोज डबा घेऊन आला असतास आणि बघून वाजवणं तसंच राहिलं असतं. मला तुझी काळजी होती. मी गाळलेल्या ओळींवर तुझी नोकरी किती दिवस टिकली असती?”

“मी तुला निष्काळजी म्हणालो.”

“म्हणालास. झोंबलं. पण खोटं कुठे होतं? ती ओळ मला खरोखर दिसलीच नाही. मला वाटलं सगळं वाजवलं.”

घरी आल्यावर हिला विचारलं, “मला का नाही सांगितलंस?” ही म्हणाली, “सांगितलं नाही, पण विचारा म्हणून दहादा म्हटलं.” 

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

चार दिवस की-बोर्डला हात लावला नाही. शाळेतून थेट ताईकडे जातो. तिच्या ओट्यावरचे डबे लावून दिले, गॅसच्या बटणाला जाड पट्टी चिकटवली. आज तिने विचारलं, “सकाळी सराव केलास?” म्हटलं, “मन लागत नाही.”

“हे बघ,” ती म्हणाली, “माझ्याकडे बघत बसल्याने मला काडीचा फायदा नाही. मला वाचून दाखवणारं माणूस हवंय. त्या रविवारी किती महिन्यांनी मी नवीन काही वाजवलं, माहितीये? पाठ असलेलंच वाजवून वाजवून मी विटले होते. तू अडखळत वाचलंस तरी चालेल. वाचायचं सोडलंस तर मात्र दारात उभा करणार नाही.”

आणि मी त्या दिवशी परीक्षा समजून बसलो होतो.

शनिवार, ९ नोव्हेंबर

साडेपाचला उठलो. पुसली जाणारी घरं. चव्वेचाळीस.

रविवार, १ डिसेंबर

अठ्ठ्याहत्तर. बारा तुकडे पक्के. ताईकडे आता मंगळवार आणि रविवार. ती अनोळखी पुस्तकं काढून देते, कोणतं ते तिलाही ठाऊक नसतं. नियम एकच: थांबायचं नाही. “मुलींचे पाय हवेत असतात,” म्हणते. “तू थांबलास तर त्यांनी पाय कुठे ठेवायचे? एक हात सुटला तर सुटू दे. मात्रा सोडू नकोस.”

शुक्रवार, १३ डिसेंबर

उद्या. बाकी काही नाही. 

शनिवार, १४ डिसेंबर

बारा तुकडे निर्विघ्न पार पडले. मग परीक्षक बाई उठल्या, पांढरे केस, पायात सपाट बूट, आणि एक पान पियानोवर ठेवून गेल्या. एक मिनिट बघायला दिलं. त्या मिनिटात मला एवढंच दिसलं की तीन मात्रांचं आहे, दोन सूर काळ्या पट्ट्यांवरचे आहेत आणि खालच्या अर्ध्यात डाव्या हाताचं रान माजलंय.

सुरू केलं. पहिल्या दोन ओळी चांगल्या गेल्या. तिसऱ्या ओळीत डावा हात सुटला. साफ सुटला. हातातून दोरी निसटावी तसा. सवय अशी की कानाने काहीतरी जुळवून द्यावं. मोह झाला. पण पान पुढे चालू होतं आणि मुलीही. उजवा एकटा नेत राहिलो, डोळे पुढच्या घरात, तीन घरांनंतर डावा पुन्हा पकडला. शेवटच्या सुरावर आठही मुलींचे पाय जमिनीवर होते.

मुली कपडे बदलायला गेल्यावर बाई पियानोपाशी आल्या. परीक्षकांचा कागद त्यांच्या हातात होता. त्यात खाली वादकाबद्दल एक ओळ होती: ‘चुकले, पण मुलींना सोडलं नाही.’

“बाई,” मी म्हणालो, “एक सांगायचं राहिलंय. सप्टेंबरमध्ये मला वाचता येत नव्हतं.”

“माहितीये,” त्या म्हणाल्या. “तुम्ही पानं चाळलीत, पण ओठ हलले नाहीत. वाचणारा माणूस मनातल्या मनात गातोच. तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून मी विचारलं नाही. पण दुसरे वादक बघून ठेवले होते. ऑक्टोबरमध्ये येऊन बसलेही होते एकदा. दाढीवाले.”

मी पियानोचं झाकण लावलं आणि पुन्हा उघडलं.

“नोव्हेंबरअखेर त्यांना नको म्हणून कळवलं. तेव्हा तुम्ही सातव्या तुकड्यात एकदा चुकला होतात. वाचून चुकला होतात. ऐकून वाजवणारा तसा चुकत नाही.” मग जाता जाता म्हणाल्या, “जानेवारीत सोमवारी एक तास वाढवलाय. लहान गट. जमेल ना, सर?”

या वेळी विचार करून ‘जमेल’ म्हणालो.

रविवार, २२ डिसेंबर

ताईने कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढून दिलं. निवृत्त झाल्यावर वाजवीन म्हणून तीस वर्षं ठेवलेलं. एकदाही उघडलेलं नाही, पानं एकमेकांना चिकटलेली. म्हणाली, “चल, लाग कामाला.” तासाभरात अर्धं पान होतं. ही खिडकीशी विणत बसली होती. मधूनच म्हणाली, “या हिशोबाने दोघांनी नव्वदीपर्यंत जगायला हवं.”

दुसऱ्या ओळीत मी वाचलं, “ए, एफ, ई.” ताईने वाजवलं. एफ अर्थात काळा, कारण ओळीच्या सुरुवातीलाच तसं लिहिलंय. कानाला गोड लागलं. पुढे जाणार तेवढ्यात नजर मागे गेली.

“थांब ताई. एफ पांढरा आहे.”

“शक्य नाही. सगळीकडे काळा आहे.”

“या एकाच्या आधी बारीक चौकट आहे. म्हणजे इथे पांढरा.”

“परत बघ.”

पुस्तक उजेडात नेलं. पुन्हा बघितलं. आयुष्यात मी ताईला स्वरांच्या बाबतीत खोडून काढलेलं नाही. आणि माझा कानसुद्धा तिच्याच बाजूने होता.

“चौकट आहे.”

“तुझ्या तरी कानाला पटतंय का?”

“नाही पटत. पण लिहिलंय.”

तिने पट्ट्यांवर बोटं ठेवली. मग तिने ते घर पांढऱ्या एफने वाजवलं. उजळ चाललेली सुरावट एका सुरात मावळली. तिने डावा हात मिळवून पुन्हा वाजवलं. पुन्हा एकदा. विणणाऱ्या सुया थांबल्या.

“हात्तिच्या!” ताई म्हणाली. “असं आहे होय ते!”

आणि माझ्या कानांच्या दिशेने बघत म्हणाली, “हं. पुढे वाच.”